खोली मिळणार नाही

काशीदला शुक्रवार दुपारपासून घर आपलं राहत नाही. चांगल्या खोल्या भाडं देऊन राहणाऱ्या पाहुण्यांना, आणि दादा सोडला तर आम्ही घरचे मागच्या पडवीत. त्याला माझी ना नव्हती. पाहुण्यांची सुरमई तळते ती मीच. पण माझ्या खोलीतले तीन मॉनिटर दर शुक्रवारी उपटून कपाटावर चढवायचे, याचा मला संताप यायचा.

मॉनिटर जुने, बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासातले. तिन्हींची उंचीही सारखी नाही. त्यांच्यावर मी ट्रक चालवते. एक्केचाळीस वर्षांची बिनलग्नाची बाई गेम खेळते म्हणून गाव हसतं. हसू दे. एका स्क्रीनवर नुसता समोरचा रस्ता दिसतो. दोन्ही बाजूंचे आरसे दिसायला आणखी दोन लागतात.

हे बाबांनी सांगितलं. त्यांनी उरणच्या बंदरातून तीस वर्षं ट्रेलर चालवला. दादाला अठराव्या वर्षी शिकवलं, मला म्हणाले, "पोरीला काय करायचाय?" आता डोळे अधू झालेत, गाडी सुटलीय. माझ्या शेजारी खुर्ची टाकून स्क्रीनला नाक लावून बसतात आणि चुका काढतात.

त्या शुक्रवारी मी ट्रेलर रिव्हर्स घेत होते. मागचा भाग उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं. भल्याभल्यांना घाम फुटतो. तेवढ्यात दादा दारात आला.

"आवर लवकर. पाहुण्यांनी रेवदंड्याचा पूल ओलांडलाय."

"खोली मिळणार नाही."

"अगं, खेल हाय त्यो!"

"असू दे. तुझी खोली दे."

दादानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान वळवली नाही. "गप रं जरा. गाडी लागतेय तिची. तुला न्हाय जमली कंदी."

ट्रेलर बरोबर जागेवर लागला. दादा पाय आपटत आपल्या गाद्या काढायला गेला. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. आला राग.

"मग तेव्हा गाडीची चावी त्याला का दिलीत? मला का नाही?"

बाबांनी आता मान वळवली. मग म्हणाले, "चुकला माजा, बाय."

वीस वर्षं मी हे ऐकायला थांबले होते, आणि ऐकलं तेव्हा ते मला पुरलं नाही. मी उठले, खुंटीवरची दादाच्या टेम्पोची चावी घेतली.

"उठा," म्हटलं. "मागचं शेत रिकामं आहे. आता शिकवा."