राहून गेलेली पिन

कोस्तादिन मेकॅनिकचा एक नियम दोब्रुजा प्रांतातल्या त्या गवताळ धावपट्टीवर सगळ्यांना पाठ होता. ज्यानं नट आवळला, त्यानं दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाला वैमानिकाच्या शेजारी बसायचं. स्वतःची मान पणाला लागली की पाना आपोआप नीट फिरतो, असं तो म्हणे. माणूस तोंडाळ, चिडका, पण हात सोन्याचा. त्यानं दुरुस्त केलेल्या फवारणीच्या विमानात वैमानिक डोळे मिटून चढत.

आणि अशा माणसानं संत कोस्तादिनच्या सणाला काय करावं? ज्याच्या नावाचा सण, त्याच्या घरी लोक आमंत्रणाची वाट न बघता जमतात. त्याचं घर धावपट्टीला लागूनच. सकाळी तो विमानाला वर-खाली नेणारा शेपटीतला दांडा बसवत होता. नट आवळून झाला होता, तो सुटू नये म्हणून भोकात पिन घालून दुमडायची तेवढी राहिली होती, आणि बायकोची हाक आली, "अहो, पाहुणे ताटकळलेत! सणाच्या दिवशी तरी माणसांत या!"

"आलो गं, आलो! जरा दम धर!" पिन खिशात टाकून तो गेला. एक पेला घेऊन लगेच परतायचं ठरलं होतं. दुसऱ्या पेल्याबरोबर पिन डोक्यातून गेली, ती गेलीच.

उड्डाणाआधी वैमानिक व्हेलिको शुभेच्छा द्यायला आला. पाण्याचा पेला भिडवणं अपशकुनी, आणि चारचौघांत राकियाला, फळांच्या त्या कडक दारूला, नाही म्हटलं की थट्टा ठरलेली. पण व्हेलिकोला उडायचं होतं, म्हणून कोस्तादिननं त्याला गुपचूप पाणीच ओतून दिलं. दिसायला दोन्ही सारखीच, कुणाला कळतंय?

"दादा, येताय ना बरोबर?" व्हेलिकोनं विचारलं.

"अरे, तुझ्या मांडीवर ओकेन! आज तू एकटाच जा."

"बरं, बसा मजेत. विमान तयार आहे ना?"

"नवरीसारखं!" म्हणत कोस्तादिननं त्याच्या पाठीवर थाप मारली.

गव्हावर फवारणी करत विमान खाली आलं ते वर उठलंच नाही. व्हेलिको जागीच गेला. विमानाचा कोळसा झाला, तपासायला आलेल्यांच्या हाती काही लागलं नाही. मग निकाल गावानं लावला. पेला रिकामा करताना सगळ्यांनी बघितलं होतं की त्याला! "ढोसून उडाला, दुसरं काय!"

संध्याकाळी खिशात हात गेला तेव्हाच कोस्तादिनला सगळं कळलं होतं. पण तो मूग गिळून बसला. भीती वाटली, लाज वाटली, आणि गाव दुसऱ्यालाच दोष देतंय म्हणून क्षणभर हायसंही वाटलं. त्या हायसं वाटण्याची पुढे त्याला किळस आली.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवशी सगळे कबरीपाशी जमले. व्हेलिकोची बायको रुमियाना मृताच्या नावानं वाटायचा उकडलेला गहू घेऊन उभी होती, पण मेणबत्ती लावेना.

"लाव गं बाई," सासू म्हणाली.

"नाही लावणार! एका पेल्यापायी लेकरं उघड्यावर टाकून गेला. माझ्या हातचा उजेड नाही मिळायचा त्याला!"

आता मात्र कोस्तादिनला राहवेना. तो पुढे झाला. "रुमियाना, पेल्यात पाणी होतं. मीच ओतलं होतं. नट आवळून मी पिन घातलीच नाही गं. शेजारीही बसलो नाही. त्याला मी मारलं."

"पाणी होतं?"

"देवाशपथ, पाणीच."

तिनं मेणबत्ती लावली. क्रॉसवरून हात फिरवत ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून वळली.

"रोज शिव्या घातल्या मी त्याला, दादा. पोरांदेखत. आणि तुम्ही शेजारच्या घरात, कुंपणापलीकडून रोज ऐकत होतात." तिनं गव्हाचं भांडं त्याच्या हातात कोंबलं. "आज हे तुम्ही वाटायचं. प्रत्येकाला आधी खरं सांगायचं, मग गहू द्यायचा. सुरुवात माझ्या पोरांपासून."

थोरली साताठ वर्षांची. तिनं ओंजळ पुढे केली. कोस्तादिन गुडघ्यांवर बसला आणि अडखळत सगळं सांगून मोकळा झाला.

"केवढी असते ती पिन?" पोरीनं विचारलं.

कोस्तादिननं दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. तिनं ते नीट बघून घेतलं आणि गहू न घेताच ओंजळ मागे घेतली.