खिशातला कॅमेरा आणि आत्याचा दहावा

इथे मला बहुतेक जण ओळखतात ते वस्तूंच्या परीक्षणांमुळे. मिक्सर, गिझर, इस्त्री – महिनाभर वापरायचं, मुद्दे काढायचे आणि घ्यावं की घेऊ नये ते शेवटी एका ओळीत सांगायचं. त्यामुळे या विभागात माझं नाव बघून काहींना वाटेल, बाईंनी चुकून भलत्या जागी पोस्ट टाकली. चुकून नाही टाकली.

गेल्या उन्हाळ्यात मी लिहिलं होतं की खिशात मावणारा एक स्वस्त एचडी कॅमकॉर्डर मागवलाय, लवकरच परीक्षण देते. ते आलं नाही. तिघाचौघांनी विचारलं, मी टाळलं. आता सांगते.

भुताखेतांवर आपला कधी विश्वास नव्हता असं इथे प्रत्येक जण आधी लिहितो. माझ्याबाबतीत तो प्रश्नच कधी आला नाही, कारण तेवढी सवडच नव्हती. तळेगावात घर, एमआयडीसीतल्या एका कंपनीत अ‍ॅडमिनचं काम, फ्रिजवर आठवड्याची यादी. आमची गाडी मी अमावास्येला घरी आणली, कारण त्या दिवशी शोरूम रिकामी होती. एवढं सांगितलं की पुरे.

तर कॅमेरा. साबणाच्या वडीएवढा, बाजूला उघडणारा छोटा पडदा, एक लाल बटण. हातात फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला, हेच मला तपासायचं होतं. घरातलं चित्रण झालं, संध्याकाळच्या उजेडातलं झालं. राहिल्या होत्या तीन गोष्टी – कडक उन्हातलं चित्र, मोकळ्यावरचा आवाज आणि स्टँडवर ठेवून सलग मोठं चित्रण.

त्याच आठवड्यात टाकवे बुद्रुकची माझी आत्या गेली.

आत्याचा मुलगा दत्ता दुबईला असतो. नवी नोकरी, रजा मिळाली नाही. अग्नी त्याच्या काकांनी, म्हणजे सदाभाऊंनी दिला. दत्ताचा फोन आला, "ताई, निदान दहाव्याचं शूटिंग कर. सगळं. मला आईचा कावळा बघायचाय." नदीच्या घाटावर रेंज येत नाही, त्यामुळे व्हिडिओ कॉलचा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, करते. आणि – हे लिहिताना अजून लाज वाटते – माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की चला, आपल्या तिन्ही चाचण्या एका फेरीत होतील.

आत्याची मुलगी नंदा. चाळिशीला आलेली, पण समज लहानपणीच थांबलेली. अंगण झाडते, कोंबड्यांना दाणे टाकते, आपले केस आपण विंचरते. पण गॅसजवळ एकटी सोडता येत नाही, रस्ता एकटीने ओलांडू देता येत नाही. जन्मभर ती आत्याच्या पदराला धरून राहिली. आत्या गेल्यावर तिचं काय, हा प्रश्न घरात सगळ्यांना दिसत होता आणि त्याच्याकडे बघत कोणीच नव्हतं.

दहाव्याला मी सकाळी लवकर पोचले. पिंड मांडला होता त्याच्या समोरच्या पायरीवर स्टँड लावला. पडद्यात मधोमध पिंड, मागे उभी माणसं. पानावर भाताचा पिंड, काळे तीळ, शेजारी जिलबी, वडा आणि आत्याची मिसरीची डबी. लाल बटण दाबलं आणि बाजूला उभी राहिले.

कावळा येईना.

म्हणजे कावळे होते. पलीकडच्या उंबरावर बसून ओरडत होते. खाली मात्र एकही उतरेना. ऊन चढायला लागलं तशी कुजबुज सुरू झाली.

"मिसरी ठिवली का रं?"

"ठिवली की, डबीसकट."

"मग गाव चुकलं आसंल. म्हातारीला मिसरी लागायची आंबी गावातल्या दुकानातली. ही कुटली?"

"गप ए. तितलीच हाय ती."

थोडं हसू झालं. मग सदाभाऊ पुढे झाले, हात जोडले. "वैनी, जमिनीचा घोर करू नगा. दत्ताच्या वाटणीला आमी बोट लावणार न्हाई."

उंबरावर नुसती कावकाव.

"दत्ता दिवाळीला यील, वैनी. वर्षश्राद्ध तोच करील."

काही नाही. गुरुजी म्हणाले, "बघा अजून थोडं. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिवतो." तेवढ्यात मागून एक म्हातारी बोललीच, "आरं, नंदीचं बोला कुनीतरी. आईचा जीव दुसऱ्या कशात आडकनार?"

सगळे खाली बघायला लागले. सदाभाऊंच्या घरात आधीच दोन सुना, चार नातवंडं. सदाभाऊ पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिले.

मला दुपारी कंपनीत ऑडिटवाल्यांसमोर बसायचं होतं. कॅमेऱ्याची बॅटरी निम्म्याखाली आली होती. मनात गणित चाललं होतं – इथून कान्हे फाटा, पुढे हायवे, घरी आंघोळ, ऑफिस. काम अडलं की मला उभं राहवत नाही. मी पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"आत्या, नंदाला मी नेते. तळेगावला, माझ्या घरी. तू तिची काळजी करू नकोस."

बोलून होतंय तोवर कावळा आला.

तो मी पाहिला. डावीकडून, उंबराकडून, खाली उतरला. पानाच्या कडेला बसला, भातात चोच घातली, मग मान वाकडी करून जिलबी उचलली आणि नदीवरून निघून गेला. "शिवला, शिवला!" म्हणत सगळ्यांनी हात जोडले. काही बायका रडल्या. नंदा माझी ओढणी ओढून काहीतरी म्हणत होती. मला वाटलं, आईसाठी रडतेय. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा बंद केला.

निघताना सदाभाऊ गाडीपर्यंत आले. "कवा नेतीस मग?"

"घरात बोलते. यात्रा होऊ द्या गावची, मग बघू."

त्यांनी गाडीच्या काचेवर हात ठेवला. "तू बोल्लीस ते वैनीनं ऐकलंय बरं का, पोरी."

मी हसून काच वर केली.

क्लिप मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिली, चहा घेत, टीव्हीला वायर जोडून. परीक्षणाच्या दृष्टीने एकदम उत्तम. ऊन असूनही रंग फिके पडले नव्हते. सदाभाऊंचा आवाज स्वच्छ. जिलबीवर एक माशी बसली होती, ती पाय चोळताना दिसत होती – या किमतीत इतकं बारीक दिसणं म्हणजे कमाल.

मग माझा आवाज आला. "आत्या, नंदाला मी नेते..."

मागच्या माणसांच्या माना वळल्या. सगळ्यांच्या, एकदम, डावीकडून खाली. नजरा पानावर थांबल्या. गुरुजींनी हात जोडले. "शिवला, शिवला!"

पानाजवळ कावळा नव्हता.

पंख नाही, सावली नाही, भाताला खळगा नाही. जिलबी जागच्या जागी होती. माशीसुद्धा उडाली नाही. सगळ्यांच्या नजरा पानावरून उठून नदीकडे गेल्या... आणि त्या गलक्यात, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, नंदाचा आवाज.

"कुटं हाय कावळा? ताई, न्हाई आला. ताई... कुटं हाय?"

ती मला हे सांगत होती.

मी ती क्लिप पुन्हा लावली. नवऱ्याला बोलावलं. ते दहाव्याला नव्हते. म्हणाले, "अगं, कॅमेरा चुकीच्या बाजूला होता, कावळा बाहेरच्या बाहेर आला असेल." मी म्हटलं, पान मधोमध दिसतंय. त्यांनी पुन्हा पाहिलं. "मग हे सगळे बघतायत कुणाकडे?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चष्मा पुसत बसले.

कारण शोधणं हे तर माझं कामच. चित्रण मध्ये तुटलंय का? नाही, सेकंदांचा आकडा सलग पळतोय. हलणारी वस्तू याला टिपता येत नाही का? सोमाटणे फाट्याजवळ कचऱ्यावर कायम कावळे असतात. तिथे भर उन्हात जाऊन चित्रण केलं. प्रत्येक कावळा आला. उडताना, भांडताना, पिसं मोजावीत इतका स्पष्ट. गॅलरीत पोळी ठेवून केलं, तेही आलं. कॅमेऱ्यात दोष नाही.

सदाभाऊंना फोन केला. सहज विचारल्यासारखं केलं, "भाऊ, कावळा नीट शिवला होता ना?"

"म्हंजी? म्होरं तूच हुतीस की. भातात चोच घातली अन् जिलबी घिऊन गेला. लय मोठा कावळा. का गं?"

"काही नाही."

गुरुजी पिंड नदीत सोडायला गेले तेव्हा पानावर जिलबी होती की नव्हती, हे मला आठवत नाही. इतकी व्यवस्थित बाई मी, पण तेव्हा घड्याळाकडे बघत होते.

दत्ता वाट बघत होता. मी त्याला क्लिपचे दोन तुकडे पाठवले, आधीचा आणि नंतरचा. मधला कापला.

त्याचा लगेच फोन. "ताई, शिवायच्या वेळचंच नाही आलं?"

"बॅटरी गेली रे नेमकी."

"जाऊ दे. पण शिवला ना?"

"शिवला."

"कशावर शिवला?"

आपल्याकडे हे विचारतातच. काय बोलल्यावर शिवला, म्हणजे जीव कशात होता. मी म्हटलं, "नंदाला मी नेते म्हटल्यावर."

तो हमसून रडायला लागला. "ताई, दहा दिवस झोपलो नाही गं मी. आता जीव भांड्यात पडला. तू आहेस म्हटल्यावर मला काही बघायला नको." मी त्याला रडू दिलं.

आणि मी काय केलं असेल? लोणावळ्याच्या अलीकडे अशा मुलींसाठी एक निवासी संस्था आहे, तिथे जाऊन आले. चांगली आहे, स्वच्छ आहे, बायका मायेने वागतात. फॉर्म आणला. स्वतःला समजावलं, 'मी नेते' म्हणजे जबाबदारी घेते, घरातच ठेवलं पाहिजे असं थोडंच आहे? घरी दोघंही नोकरीवर, दिवसभर तिला बघणार कोण? मुद्दे सगळे बरोबर होते. आजही बरोबर आहेत.

यात्रा झाली. फॉर्मवर सदाभाऊंची सही लागणार होती, म्हणून टाकव्याला गेले. कॅमेरा पर्समध्ये टाकला. का टाकला ते सांगता येत नाही, पण दुसऱ्या कोणाला तरी दाखवावं असं फार वाटत होतं.

क्लिपमध्ये कावळाच नाही म्हटल्यावर सदाभाऊंनी हात झटकला. "मला नगं दावू. मी बघितलं ते बघितलं."

नंदा उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. दहा दिवसांत... नाही, तोवर महिना झाला होता, महिन्याभरात उतरली होती. वेणी कोणीतरी घाईत घातलेली. तिने कॅमेऱ्याचा छोटा पडदा बघितला आणि हात पुसून जवळ आली. मी काही बोलायच्या आत तिने बघायला सुरुवात केली होती. स्वतःचा आवाज ऐकून ती हसली. मग सगळे हात जोडतात तिथे आली आणि पडद्यावर, रिकाम्या पानावर बोट ठेवलं.

"न्हाई आला न, ताई?"

सदाभाऊ म्हणाले, "आगं आलता, येडे. तुला दिसला न्हाई."

नंदाने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत होती.

"नाही आला," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग विचारलं, "मग आय कशी गेली?"

सदाभाऊ उठून गोठ्याकडे गेले. मी फॉर्म पर्समधून काढलाच नाही. म्हटलं, "नंदा, कपडे भर."

"कुटं?"

"तळेगावला. माझ्याकडे."

"ऱ्हायला?"

"हो."

"कवापत्तुर?"

कुठल्याही प्रश्नाला मी तारीख सांगते. या प्रश्नाला तारीख नव्हती. मी आत जाऊन तिची पिशवी भरायला लागले.

नंदा आता आमच्याकडे आहे. सोपं नाही. दिवसा एक बाई ठेवली आहे. पहिल्या महिन्यात दोनदा बाईंनी काम सोडलं, एकदा नंदा जिन्यात हरवली आणि आमचा पूर्ण मजला शोधायला निघाला. नवरा तिच्याशी पत्ते खेळतो, ती सगळी पानं एकदम टाकते आणि जिंकल्याचं जाहीर करते. दत्ता रविवारी फोन करून माझे आभार मानतो. तो आभार मानतो तेव्हा मी फोन नंदाकडे देते. मधला तुकडा त्याला अजून दाखवलेला नाही.

परीक्षण विचारणाऱ्यांसाठी – चित्र चांगलं, आवाज चांगला, बॅटरी बरी, मेमरी कार्ड वेगळं घ्यावं लागतं. घ्या की नका घेऊ, ते मी सांगू शकत नाही. क्लिप इथे टाकणार नाही, कृपया मागू नका.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. घाटभर माणसांना दिसलेला कावळा एका कॅमेऱ्याला आणि एका नंदाला का दिसला नाही, मला माहीत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून काय पाहिलं, तेही माहीत नाही. फोटोग्राफीतल्या कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी तपासून बघेन.

एवढंच एक मला नक्की माहीत आहे, आणि ते मी दत्ताला, नवऱ्याला, कोणालाच सांगितलेलं नाही. कावळा त्या क्लिपमध्ये दिसला असता, तर त्या फॉर्मवर सही घेऊन मी ऑफिसला वेळेत पोचले असते.