उन्हाकडे तोंड केलेली गाडी

आमच्या घरात काही बिघडलं की ते दुरुस्त होत नाही, त्याचा तपास होतो. नळ गळायला लागला तर प्लंबरला बोलवावं, एवढी अक्कल कुणालाही असते. आमचे हे आधी नळाखाली पातेलं ठेवतात, नळ दिवसा जास्त गळतो की रात्री ते बघतात, आणि तोवर मी त्या पातेल्याच्या आजूबाजूने भांडी घासत बसते. आमची लेक शलाका लहान असताना तिला ताप आला, तर म्हणाले, औषध लगेच देऊ नकोस, ताप चढतोय की उतरतोय ते कळू दे. तेव्हा मी थर्मामीटर त्यांच्या हातातून हिसकावून घेतला होता.

हे म्हणजे दामोदर. सरकारी कारखान्याच्या टेस्टिंग विभागात उभा जन्म काढला आणि तिथूनच रिटायर झाले. "नीला, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन. बनशंकरीतल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे सर म्हणतात. समोरच्या वादिराजांचा मिक्सर बिघडला तर तेही ह्यांच्याकडेच घेऊन आले, आणि मग त्यांची बायको महिनाभर पाट्यावर चटणी वाटत होती.

आमची डिझेलची गाडी जुनी आहे. तिने गेल्या डिसेंबरात सकाळचं सुरू व्हायचं सोडलं. बंगळुरूच्या थंडीला लोक हसतात, पण पहाटे इथे स्वेटर लागतोच. सेल्फ मारला की घर्र घर्र करायची, ढुंगणातून पांढरा धूर सोडायची आणि गप्प बसायची. दुपारी मात्र काही तक्रार नाही.

एरवी मी म्हटलं असतं, बसा तपास करत, तुमचा वेळ तरी जातो. पण ह्या वेळी माझं काळीज त्यात अडकलं होतं. शलाका इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते. तिची बाळंतपणाची रजा संपली, जावई रविकिरण पहाटेच शिफ्टला जातो, आणि दहा महिन्यांच्या प्रांजलीला सांभाळायला मी आठच्या आत तिथे पोचायचं असं ठरलं होतं. पोरगी मला दारात बघितलं की दोन्ही हात वर करते. साठी उलटल्यावर आपल्याला बघून कोण हात वर करतं हो? मला दुसरं काही नको होतं.

मेट्रोने जा, म्हणाल. स्टेशनपर्यंत रिक्षा, मग जिने, उतरल्यावर पुन्हा रिक्षा, आणि माझे गुडघे. कॅबवाले सकाळी हो म्हणतात आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन रद्द करतात. एकदा वैतागून मी सरळ रिक्षा केली, तर हे दुपारी जेवले नाहीत. दारात गाडी असताना बायको रिक्षाने गेली, म्हणजे ह्यांच्या सगळ्या नोकरीचा अपमान झाला म्हणे.

तर तपास सुरू झाला. पहिल्यांदा ह्यांनी ठरवलं की इंजिनाला थंडी बाधते, त्याला सकाळचं ऊन मिळालं पाहिजे. आमची गल्ली चढाची आहे, चढ पूर्वेकडे. म्हणून हे रोज संध्याकाळी गाडी चढाकडे तोंड करून लावायला लागले. मी म्हटलं, "अहो, आपण निघतो सातला. ऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवरून खाली उतरतं साडेसातला. मग ते कुणासाठी?" तर म्हणाले, थोडा तरी फरक पडतोच. मग कळलं की एक हीटर प्लग गेलाय. डिझेल गाडीत सुरू करायच्या आधी आत ऊब आणायला ते लागतात, हे ज्ञान मला आता भाजी चिरतानाही पाठ आहे. प्लग बदलला. तरी गाडी तशीच. मग बॅटरी, मग डिझेलचा फिल्टर, मग सेल्फ. एक गोष्ट बदलायची आणि तीन-चार सकाळी वाट बघायची. माझ्या सकाळी.

चामराजपेटेतला महांतेश आमचा मेकॅनिक. निपाणीकडचा, आमच्याशी मराठीत बोलतो. तो म्हणाला, "सर, एकदम समदं उघडून बघूया की." ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा चहा सांगायला उठला. एकदा गाडी त्याच्या गॅरेजात रात्रभर ठेवली, तर पहाटे एका चावीत सुरू. घरी आणली, दुसऱ्या दिवशी पुन्हा घर्र घर्र. "अक्का, गाडीला तुमच्या घराचा कंटाळा आलाय बघा," महांतेश मला म्हणाला. मी म्हटलं, मलाही आलाय, पण मला कोण गॅरेजात ठेवून घेतंय.

असं महिनाभर चाललं. मी कधी सव्वाआठला पोचायची, कधी नऊला. शलाका खांद्याला लॅपटॉप लावून, पोरीला कडेवर घेऊन दारात उभी असायची. एका बुधवारी तिने मला पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, "आई, ऑफिसच्या खाली पाळणाघर आहे. त्यांच्याकडे एकच जागा राहिलीये. सोमवारी माझी मोठी मीटिंग आहे. सोमवारी तू वेळेवर आलीस तर प्रश्नच नाही. नाही आलीस तर मी ती जागा घेणार. मला रोज हा ताण झेपत नाही गं." तिचं काय चुकलं? काहीच नाही. परत येताना मी गाडीत ह्यांना शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी मान हलवली.

गुरुवारी वादिराजांच्या नातवाच्या मुंजीचा मांडव आमच्या नेहमीच्या जागेवर पडला. "सर, स्वल्प अडजस्ट माडी," जरा सांभाळून घ्या, म्हणून ते हात जोडून आले. हे म्हणाले "सरी सरी", आणि गाडी वळवून उताराकडे तोंड करून लावली. शुक्रवारी सकाळी चावी फिरवली, तर एका झटक्यात सुरू. मला देव पावल्यासारखं झालं. आम्ही पावणेआठलाच पोचलो. प्रांजलीने हात वर केले, शलाकाने मला मिठी मारली, आणि हे खाली गाडीत तोंड पाडून बसले होते. गाडी का सुरू झाली ते कळत नव्हतं ना!

शनिवारीही सुट्टी असून पहाटे खाली जाऊन त्यांनी चावी फिरवली. पुन्हा एका झटक्यात. मग दिवसभर खुर्चीत बसून राहिले आणि संध्याकाळी माझ्यापाशी स्वयंपाकघरात आले. "नीला, माझंच चुकलं. आधी ती प्लगमुळेच अडत होती, ते दुखणं प्लग बदलल्यावर गेलं. प्लग बदलला ते मी धरलं, पण गाडीचं तोंड फिरवलं ते धरलंच नाही. त्याला मी उपाय समजत होतो. तोंड चढाकडे असलं की मागची डिझेलची टाकी खाली राहते. कुठल्यातरी नळीतून हवा शिरत असणार, आणि इंजिनापर्यंत आलेलं डिझेल रात्रभरात मागे टाकीत उतरतं. महांतेशच्या गॅरेजात जमीन सपाट, तिथे कशाला त्रास देईल?" म्हणजे उन्हासाठी केलेल्या लाडानेच गाडी आजारी होती. मला इतकं हसू आलं की मी त्यांना गरम पोळीवर जास्तीचं तूप वाढलं. म्हटलं, सुटलो.

रविवारी मांडव निघाला. संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होते. खाली बघते तर हे गाडी वळवतायत. पुन्हा चढाकडे तोंड.

"अहो, हे काय करताय?"

"एकदा खात्री करून घेतो. ह्याच बाजूला अडली, तर सिद्ध झालं. नाहीतर तो नुसता माझा अंदाज."

"उद्या सोमवार आहे."

"उद्या थंडीही जास्त आहे. ह्याहून चांगला दिवस मिळायचा नाही."

मी खाली गेले. वळवा म्हटलं, हात जोडले, चावी मागितली. नंतर मी रागाने बोलले, तेही गल्लीला ऐकू जाईल असं. ते म्हणाले, अडली तरी पाच मिनिटांत हाताने पंप मारून डिझेल वर ओढतो आणि सुरू करतो, तू काळजी करू नकोस. आयुष्यभर ह्यांच्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवत आलेय मी.

सोमवारी सातला मी नाचणीच्या पेजेचा डबा घेऊन गाडीत बसले. घर्र घर्र. पांढरा धूर. गप्प. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा उजळला होता. "सापडलं, नीला!" असं म्हणत ते खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि मला हाक मारायला लागले. पारदर्शक नळीत हवेचा एवढा मोठा बुडबुडा होता. तो मी बघावा म्हणून ते त्यावर टॉर्च धरून उभे. मग पंप मारायच्या आधी त्यांनी महांतेशला फोन लावला, कारण त्यालाही कळायला हवं होतं. मी डबा उचलला आणि कोपऱ्यावरून रिक्षा पकडली.

सिल्क बोर्डाच्या चौकातल्या गर्दीत रिक्षा अडकली. मी पोचले तेव्हा शलाकाच्या दाराला कुलूप होतं. फोन केला तर ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आई, मी सोडलं तिला तिथे. ती रडली नाही गं. तिथल्या बाईंकडे बघून तिने हात वर केले."

मी पेजेचा डबा मांडीवर घेऊन जिन्यात बसून रडले.

महांतेशने मागची चिरलेली रबरी नळी बदलली. आता गाडी कुठेही तोंड करून लावा, एका चावीत सुरू होते. ह्यांनी त्या चिरलेल्या नळीचा तुकडा मला दाखवायला आणला होता, पण माझं तोंड बघून न दाखवताच खिशात ठेवला. जेवण झाल्यावर शलाकाला फोन करून म्हणाले, चूक आईची नव्हती, माझी होती. ती म्हणाली, बाबा, आता फी भरलीये, आणि तिला तिथे आवडतंय.

तरी रोज सातच्या आधी हे स्वेटर घालून खाली जातात. मला वरून आवाज येतो, एकच झटका आणि इंजिन सुरू. मग हे जिना चढून येतात आणि दारात उभे राहतात.

"सुरू झाली," म्हणतात.

"मग बंद करा," मी म्हणते.