इबूंचा अंगठा

इबूंना राग आला की त्या हसायच्या. जितका राग मोठा, तितकं हसू गोड. हे मला कळलं तेव्हा त्यांचं जेवढं वाटोळं करता येईल तेवढं मी करून बसलो होतो.

इबू मूळच्या इंडोनेशियाच्या. लग्न होऊन उस्मानपुऱ्यात आल्या, सासूकडून दखनी शिकल्या. अजिंठ्याला त्यांच्या देशातले बौद्ध प्रवासी येऊ लागले, म्हणून एका संस्थेनं आम्हा सहा गाइडांसाठी त्यांचा भाषेचा वर्ग सुरू केला. तिकडे बाईंना मानानं ‘इबू’ म्हणतात, तेच आम्हीही धरलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी उजव्या हाताचा अंगठा माझ्याकडे केला. ठेंगा! तोही चारचौघांत! माझ्या बापाला गावानं जन्मभर ठेंगाच दाखवला, पाणवठ्यावर आणि पंगतीतसुद्धा. मी शिकलो, गाइड झालो, आणि आता ही बाई? शेजारी रफिक बसला होता. तो म्हणाला, “जाऊ दे साळवे, लई मनावर नको घेऊ.” मी मनावरच घेतलं. या बाईचं हसू घालवायचं, असं ठरवूनच घरी गेलो.

मग चहाचा कप मी त्यांना डाव्या हातानं देऊ लागलो. वहीही डाव्या हातानं. कधी त्यांच्याकडे तळपाय करून बसलो. इबू सगळं पाहायच्या, कप उजव्या हातानं घ्यायच्या आणि हसून म्हणायच्या, “अच्छा है, भाई.” आणि वाचायची वेळ आली की पहिला अंगठा माझ्याकडेच.

शेवटी मी लेखी तक्रार केली, बाई ठेंगा दाखवून अपमान करतात म्हणून. पाचही जणांच्या सह्या मिळवल्या. रफिकची सगळ्यात शेवटी, तीही भांडून. वर्ग बंद झाला. इबूंची ती आयुष्यातली पहिली नोकरी होती. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, खोटं कशाला बोलू?

हजेरीची प्रमाणपत्रं द्यायला त्या एकदा आल्या. बाकीच्यांना दोन्ही हातांनी दिली, मला डाव्या हातानं. चेहऱ्यावर हसू नव्हतं. “साळवे भाई, पहले मेरेकू पूछना था ना,” एवढंच म्हणाल्या. आपण जिंकलो, अशा थाटात मी जिना उतरलो.

दोन महिन्यांनी लेण्यांत माझ्याकडे त्यांच्या देशातला पहिला गट आला. एक म्हातारे गृहस्थ भिंतीवरच्या बुद्धाला हात जोडून उभे होते. मग चित्राकडे अंगठा करून त्यांनी काही विचारलं. पुढे दारापाशी त्याच अंगठ्यानं मला ‘आधी तुम्ही’ अशी खूण केली. मोडक्यातोडक्या भाषेत मी कारण विचारलं. ते म्हणाले, बोट माणसाकडे करायचं नसतं. मान द्यायचा तर अंगठा. म्हणजे सहा जणांत पहिला मान रोज मलाच मिळत होता.

तडक उस्मानपुरा गाठला. त्यांच्या सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “मायके गई वो. अब नै आती, बोली.”

तेव्हापासून मीही अंगठ्यानंच दाखवतो. गेल्या महिन्यात सोयगावच्याच, म्हणजे माझ्या गावच्या पाहुण्यानं तक्रार केली, की गाइड ठेंगा दाखवतो. साहेबांनी बोलावून सगळ्यांदेखत कागद वाचला. मला एका शब्दानं कुणी विचारलं नव्हतं.

“हसताय काय, साळवे?” साहेब ओरडले.

मला भयंकर राग आला होता.