काकूंचं पहिलं ‘नको’

किटली जवळ आली की काकू कपावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, “नको, बास.” तुम्हीआम्ही याचा अर्थ चटकन ओळखू. हात बाजूला करायचा, “अर्धाच घ्या हो,” म्हणायचं आणि कप भरायचा. पण अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावच्या त्या इंग्लिश टीरूममधली बाई गोड हसून “शुअर” म्हणायची आणि किटली पलीकडच्या टेबलाकडे न्यायची. काकू जाणाऱ्या किटलीकडे बघत राहायच्या. मग मी त्या बाईला परत बोलवायची.

काकू मूळच्या नागपूरच्या. आम्ही दोघी एकाच लॅबमध्ये होतो. त्या निवृत्तीला आल्या होत्या आणि मी नुकती लागले होते. नोकरीभर त्यांनी चहा उभ्याउभ्या, कागदी पेल्यातून प्यायला. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना टीरूमचा नाद लागला. बेलव्ह्यूपासून इकडे जेवढ्या टीरूम आहेत तेवढ्या आम्ही पालथ्या घातल्या. ड्रायव्हर अर्थात मी.

त्यांची मतं ठाम असत. चहा सगळीकडे पांचट. काकडीचं सँडविच म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. स्कोन नावाचा गोडसर पाव मात्र आवडायचा, कारण त्याच्याबरोबर घट्ट साय मिळते. तीन मजली तबकातलं खालून वर खात जायचं असतं. काकू आधी वरचा केक उचलायच्या. “वर पोचेपर्यंत पोट भरलं म्हणजे?”

“एवढी नावं ठेवता, मग येता कशाला?” मी एकदा विचारलं.

“चहासाठी कोण येतंय? किटलीला टोपडं घालून कुणीतरी चहा आपल्यापुढे आणून ठेवतं. हे गेल्यापासून माझा चहा मीच करते बाई.”

इतकी वर्षं अमेरिकेत काढूनही पहिल्यांदा ‘नको’ म्हणायची सवय काही गेली नाही. मुलाला मात्र त्यांनी इथल्या रीतीने वाढवलं. लहानपणी कुणी आग्रहाने त्याच्या ताटात पुरी टाकू लागलं की काकू मध्ये पडायच्या, “तो नाही म्हणाला ना? मग नाही.” हे त्या स्वतःच कौतुकाने सांगायच्या.

या मुलाला कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला नोकरी लागली. जाण्याआधी त्याने आम्हा दोघींना टीरूममध्ये बोलावलं. मी काकूंना घ्यायला गेले तर त्या कढीपत्त्याची कुंडी घेऊन दारात उभ्या.

“ही तू ठेव. कॅलिफोर्नियात नेऊ देत नाहीत म्हणे.”

“म्हणजे ठरलं जायचं?”

“त्याने विचारलं नाहीये अजून. आज विचारेल.” गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, “मला जायचंय गं. एकटीला आताशा घर खायला उठतं.”

मुलाने विचारलं. चहा ओतून झाला तेव्हा तो म्हणाला, “आई, नव्या घरात डाउनस्टेअर्स एक बेडरूम आहे. यू कॅन मूव्ह विथ अस. येतेस का?”

“नको रे. तुमचा संसार, त्यात मी कशाला?”

“आर यू शुअर?”

“मी बरी आहे इथे.”

मुलाचा चेहरा पडला. तो म्हणाला, “ओके आई. आय रिस्पेक्ट दॅट.” आणि त्याने स्कोनला जॅम लावायला घेतला.

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या आणखी एका आग्रहाची वाट बघत होत्या हे मला कळत होतं आणि त्याला कळणं शक्य नव्हतं. शेवटी न राहवून मी म्हटलं, “अरे, पुन्हा विचार. आईला एवढ्यावर सोडायचं नसतं.”

“बट शी सेड नो,” तो गोंधळून म्हणाला.

“काहीतरीच काय,” काकू फटकन म्हणाल्या. “मी मनापासून सांगितलं.”

सांगून करवलेला आग्रह त्यांना कसा चालावा? मला त्यांचा राग आला. पुढचं सगळं बोलणं सामान कधी हलवणार याचंच झालं.

पार्किंगमध्ये मुलाने आईला मिठी मारली आणि तो आपल्या गाडीकडे गेला. काकू माझ्या शेजारी बसल्या, पट्टा लावला आणि पर्स मांडीवर धरून तशाच राहिल्या. मीही गाडी सुरू केली नाही.

“मागून कसं घ्यायचं गं?” त्या म्हणाल्या. “लेकाकडे झालं म्हणून काय. कुणी शिकवलंच नाही ते.”

समोर त्याची गाडी वळून रस्त्याकडे निघाली. काकूंनी फोन काढून त्याला लावला. मराठीत ते त्यांच्या तोंडून निघालं नसतं. लॅबमध्ये रिपोर्ट सांगायच्या त्याच कोरड्या आवाजात त्या म्हणाल्या, “आय सेड नो. बट आय वॉन्ट टू कम.”

त्याच्या गाडीचे लाल दिवे लागले. ती बाहेर पडायच्या तोंडाशीच थांबली आणि मागच्याने हॉर्न दिला तरी हलेना. तो काय बोलत होता ते मला ऐकू आलं नाही. काकू फोन कानाला घट्ट धरून होकारार्थी मान हलवत होत्या, त्याला ते दिसत नव्हतं तरी.