सिस्टरांनी पाहिलेली मुलगी

“निरंक लिवू नका. बघून आलाव का तुमी?” आमच्या सिस्टर टेबलासमोर उभ्या राहून हे विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नसत.

गेवराई तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी कारकून होतो. मुलांच्या अहवालात ‘ऑटिझम’ असा नवा रकाना आला, तेव्हा मी सगळ्या गावांपुढे निरंक, म्हणजे एकही नाही, असं लिहून मोकळा झालो. “सिस्टर, हे अमेरिकेत असतं. आपल्याकडं कुठंय?”

“तिकडं बघतेत, म्हणून सापडतेत,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडं कोन बघितलंय? चला माझ्यासंगं.”

दुष्काळ होता. सहकारी सोसायटीनं उमापूरच्या रस्त्याला चारा छावणी उघडली होती. घरंच्या घरं जनावरांबरोबर तिथंच राहत होती. एका पालापाशी सहा वर्षांची मुलगी कमरेला दोरी बांधून बसवलेली. उसाच्या वाढ्याचे, म्हणजे शेंड्याच्या पाल्याचे तुकडे ती ओळीनं लावत होती. हाक मारली तरी मान वळेना.

“लागिर हाय तिला,” आई म्हणाली. “सोडली की पळती.”

सिस्टर आईशी बोलत होत्या, तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. घागरी घेऊन माणसं धावली, एकच गलका झाला. मी वळून पाहिलं, तर दोरी नुसतीच पडलेली. मुलगी कान दाबून टँकरच्या मागच्या चाकांमध्ये शिरली होती. ड्रायव्हर गाडी मागं घ्यायच्या बेतात होता. लोक ओरडले, तशी ती आणखी आत सरकली.

“पळा, इंजिन बंद करायला लावा,” सिस्टर मला म्हणाल्या. “अन् समदे गप ऱ्हावा.”

इंजिन थांबलं. पांढऱ्या साडीनिशी सिस्टर टँकरच्या सांडलेल्या पाण्याच्या चिखलात आडव्या झाल्या. मुलीला ओढलं नाही, बोलावलंही नाही. चाकापासून बाहेरच्या बाजूला वाढ्याचे तुकडे एकेक करून मांडत राहिल्या. बराच वेळ काही होईना. आईनं तोंडात पदर कोंबला होता. मग एक लहानसा हात बाहेर आला आणि वाकडा पडलेला तुकडा त्यानं सरळ केला. त्यामागून मुलगी आली.

सिस्टर मायलेकींना बीडला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तीन खेपा झाल्या. डॉक्टरांनी ऑटिझम हे नाव सांगितलं, तेव्हा आईनं विचारलं, “मंग माजं काई चुकलं न्हाई?”

“काईच न्हाई, बाई,” सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवसापासून आई तिला बोटाला धरून हिंडवू लागली. मी रकान्यात एक लिहिलं. तालुक्याहून फोन आला : सगळीकडून निरंक आलंय, तुमचाच आकडा कसा? मी सांगितलं, आम्ही जाऊन पाहिलं.

पावसाळ्याच्या तोंडाला सिस्टरांची धर्मापुरीला बदली झाली. पुढच्याच सोमवारी केंद्राच्या ओट्यावर चार बाया बसलेल्या, चार गावांच्या, छावणीत त्या मुलीबद्दल ऐकून आलेल्या. प्रत्येकीजवळ एक मूल. एक भिंतीला डोकं घासत होतं, एक पंख्याकडे बघून हसत होतं.

“सिस्टर कुठंयत?” एकीनं विचारलं.

बदली होऊन गेल्या, म्हणालो. पण कोणीच उठेना. मग मी टेबलामागून बाहेर आलो आणि त्यांच्याजवळ ओट्यावर बसलो.