सारंगाचा तुकडा

आवाज सोडलेलाच नसायचा, तरी चाचा बटण दाबायचे.

रत्नागिरीतल्या एका कानाच्या दवाखान्यात मी श्रवणतपासणीचं काम करते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, आणि आवाज आला की बटण दाबायला सांगायचं. चाचांना मोठे आवाजही जेमतेम ऐकू यायचे. पण मी यंत्रावरून हात काढून घेतला की माझ्यासमोरचा दिवा लागायचा. काचेपलीकडे ते डोळे मिटून बसलेले, मान किंचित उजवीकडे.

"चाचा, मी काही वाजवलं नव्हतं," मी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडून सांगितलं. त्या कानाला थोडं समजायचं.

"तू नाय गो बाय. तो वाजवतो."

कान दुबळे झाले की मेंदू कधीकधी आठवणीतलं संगीत आपणच वाजवत राहतो, हे डॉक्टरांनी त्यांना कागदावर लिहून समजावलं. चाचांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "डॉक्टर शिकलेला मानूस. पन वाजवनारा कोन, ता मना ठाव."

तुम्ही खाडीकाठच्या राजिवड्याकडे जात असाल तर त्यांना पाहिलं असेल. पांढरी दाढी, चौकड्यांची लुंगी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट. तीस वर्षं परदेशी मालवाहू जहाजांवर खलाशी होते. लोखंडी डेकवरचा गंज हातोड्याने ठोकून काढता काढता कान गेले. पण माणसांचं बोलणं ऐकू येत नाही, ही त्यांची तक्रार नव्हतीच. "माजी गिटार बेसूर झालीय काय, येवढा येऊन सांग," हे सांगायला ते तीनदा दवाखान्यात आले. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या घरी गेले.

गिटार त्यांनी मांडीवर आडवी घेतली होती. उजव्या हाताच्या बोटांत तारा छेडायच्या नख्या, डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी. ह्या गिटारीच्या तारा बोटांनी दाबत नाहीत, त्यांच्यावरून कांडी सरकवतात. खालच्या पट्टीवर नुसत्या रेघा असतात. कांडी रेघेपासून केसभर हलली की सूर गेला. म्हणजे सगळी मदार कानावर, आणि तेच त्यांचे गेलेले.

शिकवलं होतं एका फिलिपिनो सारंगाने. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. त्याला अमेरिकेतल्या जुन्या कंट्री गाण्यांचा नाद होता. गाणारा श्वास घ्यायला थांबतो तेवढ्यात गिटार चार-सहा सूर बोलून घेते, त्याला लिक म्हणतात. चाचा त्यांना तुकडे म्हणत. असे वीसेक तुकडे त्यांच्या हातात पक्के होते. ऐकताना मला वाटायचं, कोणीतरी रडू आवरून बोलतंय.

फक्त एक तुकडा चुकायचा. कांडी तिरकी धरून, दोन तारांवरून एकदम, पट्टीच्या पार टोकापर्यंत चढत जायचं. तिथले सूर चाचांना अजिबात ऐकू येत नसत. सूर खाली राहिला की मी तळहात खाली करून दाखवायची.

"खाली काय?"

मी होकारार्थी मान हलवायची. ते पुन्हा सुरुवात करायचे. मग म्हणाले, "तू पन शीक. उद्या माजो हात थांबलो तर?" अशा माझ्या रविवारच्या दुपारी त्या घरात जाऊ लागल्या. माझ्या मांडीवर गिटार, आणि चाची दारातून माझी तिरकी कांडी बघून हसायची.

एका रविवारी मला त्यांची दया आली. सूर खालीच राहिला होता, पण मी हात उंचावून "लागला" म्हणून दाखवलं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मान उजवीकडे करून थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तो नाय म्हनतो."

त्यानंतर मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नाही.

पाचव्या का सहाव्या महिन्यात तो तुकडा लागला. दोन्ही सूर वर पोचले आणि एकमेकांत मिसळून थरथरत राहिले. मी काही दाखवायच्या आतच चाचांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. कांडी बाजूला ठेवली आणि बोलायला लागले.

जहाजावर त्या दिवशी समुद्र खवळला होता. मागच्या डेकवरचे तेलाचे ड्रम सुटले होते. चाचा आत बसून हाच तुकडा घोटत होते, आणि तो त्या क्षणी जमत आला होता. सारंग दारात येऊन म्हणाला, जा, ड्रम बांध. चाचा म्हणाले, पाठ दुखते.

"पाठ दुकत नव्हती बाय. तुकडो सोडवत नव्हता. तो हसला, बोलला, वाजव तू, मी जातो. आनि गेला." त्यांनी गिटारीवर हात ठेवला. "लाटेनं नेला. गिटार त्याची ती. त्याच्या घरच्यांना कपडे धाडले, गिटार नाय धाडली. कोनाला बोललो नाय मी. हिला पन नाय."

चाची चहा घेऊन मागे उभी होती. शांतपणे म्हणाली, "झोपेत रोज सांगता तुमी."

चाचांना ते ऐकू गेलं नाही. माझी नजर मागे गेलेली पाहून "काय बोलली?" त्यांनी मला विचारलं.

मला तोंड त्यांच्या डाव्या कानाशी न्यावं लागलं. वाक्य दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा समजलं तेव्हा त्यांनी वळून चाचीकडे पाहिलं, पाहतच राहिले. मग तिच्या हातातून चहा घेतला. बोटांतल्या नख्या अजून काढल्या नव्हत्या. त्या कपावर टकटक वाजत होत्या.

त्यानंतर चाचांनी गिटार हातात घेतली नाही. उजव्या बाजूचं वाजणं थांबलं का, हे मी विचारलं नाही. रमजानच्या आधी ते गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच संपलं.

महिन्याने चाचीने मला बोलावून घेतलं. गिटार पेटीत भरून ठेवलेली. पेटीच्या अस्तराखालून तिने घडी घातलेला कागद काढला. त्यावर सारंगाच्या हातचा, त्याच्या गावचा पत्ता. इतकी वर्षं तो चाचांच्या जवळ होता.

"हिला तिच्या घरी धाडूया," चाची म्हणाली. "थय कोन तरी असल. मी सांगतंय, तू इंग्रजीत लिव."

मी लिहीत गेले. गिटार तुमच्या माणसाची आहे. ज्याच्याकडे होती तो आता नाही. त्याने ती जपली.

मी कागद आवरायला लागले, तशी चाची म्हणाली, "थांब. ह्यांची पाठ दुकत नव्हती, ता पन लिव."

मी ते लिहिलं. तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि खाली उर्दूत, सावकाश, स्वतःचं नाव घातलं.